झाड निर्दोष, तर दोष कोणाचा?

नीतीच्या प्रश्नांत एक मोठी अडचण अशी असते कीं, ज्या वस्तूविषयीं आपण वाद घालतों ती वस्तु वाद चालू असतांनाच बदलून जाते, आणि वाद करणारांस त्याची वार्ताहि नसते. आमच्या मंडळ्यांत गांजाविषयीं जें बोललें जातें त्याची हीच गत आहे. पारावर किंवा धुनीभोंवतीं चिलमींत ओढला जाणारा गांजा डोळ्यांपुढें ठेवून उपदेशक बोलतो. समोर बसलेला तरुण मनांत ज्या वस्तूचा विचार करीत असतो ती निराळीच असते. नांव एक, पण वस्तु दोन. ही दुसरी वस्तु मनुष्यानें गेल्या पन्नास वर्षांत मुद्दाम घडविलेली आहे. यास्तव ती कशी घडली हें आधीं सांगतों. कारण नीतीचा खरा प्रश्न तिच्या घडणींतच आहे, असें माझें मत आहे.

संकरित पीक म्हणजे काय हें शेतकरी वाचकांस शिकविण्याची गरज नाहीं. १९६४ सालीं सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी निघाली, आणि आज आपल्या गांवांत कित्येक जण ज्वारीलाच 'हायब्रीड' म्हणतात. दोन निरनिराळ्या वाणांचा संयोग केला असतां पहिल्या पिढींत जोम वाढतो आणि दोहोंचे गुण एकत्र येतात, हें त्याचें तत्त्व. गांजाच्या बाबतींत तर ही गोष्ट आणखी सोपी, कारण ह्या झाडांत नर आणि मादी बहुधा वेगळीं असतात, पराग वाऱ्यानें जातो, आणि रात्री लांब होऊं लागल्या म्हणजे फुलोरा धरतो. लिनियस ह्या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं ह्या वनस्पतीस शास्त्रीय नांव दिलें. पुढें १७८५ सालीं लामार्क ह्या फ्रेंच पंडितानें हिंदुस्थानांतील झाड युरोपांतील झाडाहून भिन्न मानून त्यास आपल्या देशाचें नांव जोडलें. दोरखंडाकरितां वाढविलेलें तिकडचें झाड उंच व सडपातळ. इकडचें राळेनें चिकट आणि नशा आणणारें. अशा भिन्न जाती डोंगर आणि समुद्र यांनीं हजारों वर्षें वेगळ्या ठेविल्या होत्या.

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत हें अंतर नाहींसें झालें. प्रवासी लोकांनीं अफगाणिस्तानांतून बीं आणलें. तिकडील झाड ठेंगणें, लवकर पिकणारें व राळेनें भरलेलें. त्याचा संकर मेक्सिको व कोलंबिया ह्या देशांतील उंच झाडांशीं करण्यांत आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांतून एक स्थिर वाण काढण्यांत आला. त्याचा वास इतका उग्र कीं, दुर्गंध सोडणाऱ्या 'स्कंक' नांवाच्या जनावरावरून त्यास तेंच नांव पडलें. १९८० नंतर हें बीं हॉलंडांत गेलें. तेथें १९७६ च्या कायद्यानें गांजास कठोर मादकांहून निराळें धरलें होतें, त्यामुळें बियाणें विकण्याचा धंदाच उभा राहिला. हॉलंडांत ऊन कमी. म्हणून झाड घरांत आलें. दिव्याखालीं रोज अठरा तास प्रकाश दिला म्हणजे तें वाढत राहतें. बारा तास प्रकाश व बारा तास अंधार दिला म्हणजे त्यास वाटतें कीं शरद ऋतु आला, आणि तें फुलतें. ऋतूलाहि फसवितां येतें! आवडलेल्या झाडाच्या फांद्या कापून लाविल्या म्हणजे हवीं तितकीं जुळीं झाडें मिळतात.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मादी झाडास पराग मिळाला नाहीं तर तिच्या फुलांत बीं धरत नाहीं. झाड फुलतच राहतें आणि राळ अधिकाधिक सांठत जाते. हें ज्ञान नवें नव्हे. बंगालच्या नौगांव भागांत एकोणिसाव्या शतकांत गांजाचे शेतकरी नर झाडें ओळखून उपटणारा जाणता माणूस मजुरीनें लावीत. त्यास पोद्दार म्हणत. आतां पोद्दाराचेंहि काम उरलें नाहीं. मादी झाडावर चांदीच्या क्षाराचें द्रावण फवारलें असतां तीच पराग देऊं लागते, आणि त्या परागापासून होणारें जवळजवळ सर्व बीं मादीच निघतें. ह्या सर्व खटपटीचें फळ काय? नशा आणणारें जें मुख्य द्रव्य, ज्यास टी. एच. सी. म्हणतात आणि जें १९६४ सालीं इस्राएल देशांतील रेहोवोत येथील मेशूलाम आणि गाओनी ह्या शास्त्रज्ञांनीं शुद्ध करून ओळखलें, त्याचें प्रमाण अमेरिकेंत पकडलेल्या गांजांत १९९५ सालीं शेंकडा सुमारें ४ होतें. तें २०१४ सालीं शेंकडा १२ झालें. परवान्याच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या फुलांत शेंकडा २० आणि त्याहूनहि अधिक आढळतें.

आतां वादाकडे वळूं. गांजाचे पुरस्कर्ते शास्त्राचाच आधार देतात, आणि तो ऐकून आमचे कित्येक उपदेशक गप्प बसतात. ते म्हणतात कीं, सृष्टीच्या आरंभीं देवानें बीज देणारी प्रत्येक वनस्पति मनुष्यास दिली असें उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत आहे. मग हीच एक वनस्पति कोणी वर्ज्य केली? ह्यावर एक चटकदार उत्तर देतां येईल. तें वचन बीज देणाऱ्या वनस्पतीविषयीं आहे, आणि आजच्या गांजाचें सर्व कौशल्य त्यांत बीं होऊं न देण्यांतच आहे! परंतु असल्या उत्तरानें सभा हसते, प्रतिपक्षी निरुत्तर होत नाहीं. बीं नसलेलीं द्राक्षें आणि केळीं आपण आनंदानें खातों. खरें उत्तर ह्याहून खोल शोधलें पाहिजे.

तें शोधण्यास मला एका गृहस्थांच्या प्रश्नानें भाग पाडलें. हे एका खेड्यांतील मंडळीचे वडील. त्यांचा मुलगा कॅनडांत नोकरीस आहे. तेथें १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढ मनुष्यास गांजा बाळगण्यास मोकळीक आहे, आणि देशाच्या कायद्याप्रमाणें एका घरांत चार झाडेंपर्यंत लावतां येतात. मुलानें कपाटांत दिवा लावून एक संकरित झाड वाढविलें आणि फोनवर आईला तें सरळ सांगितलें. शनिवारीं संध्याकाळीं थोडें घेतों, मन हलकें होतें, झोंप लागते, असें तो म्हणाला. वडील मला म्हणाले, "पाळकसाहेब, त्यानें चोरी केली नाहीं, लपविलें नाहीं, कामावर नेमानें जातो. सरकार परवानगी देतें. मग मीं त्याला नको म्हणावें तें कोणत्या तोंडानें?"

प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्यास उत्तरहि प्रामाणिकच हवें. अशा वेळीं आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे भीति घालणें: तूं वेडा होशील, तुझा सर्वनाश होईल. परंतु हें जसेंच्या तसें खरें नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें ह्याच विषयावर एक कमिशन नेमिलें. त्यांत सात सभासद, पैकीं तीन हिंदी. त्यांनीं मिशनरी, वैद्य, अंमलदार, शेतकरी, साधु अशा ११९३ साक्षीदारांचें म्हणणें घेतलें आणि वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी एक एक करून तपासल्या. तेव्हां असें दिसून आलें कीं, कारण ठाऊक नसल्यास रोग्याच्या नांवापुढें 'गांजा' असें लिहून टाकण्याची वहिवाटच पडली होती. १८९४ सालीं त्यांनीं निर्णय दिला कीं, बेताच्या सेवनापासून बहुधा विशेष अपाय होत नाहीं, अतिसेवन मात्र घातक आहे, आणि सरसकट बंदी नको, कर व नियंत्रण असावें. चांगल्या हेतूनें सांगितलेली अतिशयोक्तीहि असत्यच असते. आणि ऐकणारा तरुण जेव्हां चार मित्रांना वेड न लागतांना पाहतो, तेव्हां तो आपलें पुढलें सर्व बोलणें, खरेंहि, एकाच टोपलींत टाकतो.

तथापि प्रतिपक्षी आज ह्याच कमिशनचा दाखला घेऊन येतात, तो आपण तसाच स्वीकारावा काय? नाहीं. त्या साक्षीदारांनीं आपल्या काळचा गांजा पाहिला होता. दिव्याखालीं वाढलेलें, निवडून निवडून तीव्र केलेलें फूल त्यांच्यापुढें नव्हतें. युरोप व ब्राझिल ह्यांतील मिळून अकरा ठिकाणीं रोग्यांची तुलना करून २०१९ सालीं जो शोध प्रसिद्ध झाला, त्यांत शेंकडा १० हून अधिक टी. एच. सी. असलेला गांजा रोज ओढणारांत मनोविकार होण्याचा संभव, कधींच न ओढणारांच्या मानानें, जवळजवळ पांचपट आढळला. रोज, आणि तीव्र, हे दोन शब्द येथें महत्त्वाचे आहेत. ते गाळून हा आंकडा सांगणें म्हणजे पुन्हा जुन्याच दोषांत पडणें. शिवाय एकदां चाखणारांपैकीं दहांत सुमारें एक मनुष्य त्यांत अडकतो, आणि जो पोरवयांत आरंभ करतो त्याचा धोका अधिक. शनिवारीं थोडें घेणारा तो मुलगा ह्या हिशेबांत बसेलच असें नाहीं. म्हणजे केवळ अपायाच्या मापानें मोजलें तर वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर अर्धवटच राहतें.

मग त्या अनुभवाचेंच परीक्षण करूं. गांजा घेणारास काळ लांबल्यासारखा वाटतो, साध्या गोष्टीचें हसूं येतें, भूक लागते, गाण्यांतला एक एक सूर वेगळा ऐकूं येतो; कित्येकांस मोठें सत्य गवसल्यासारखें वाटतें; आणि मात्रा अधिक झाली तर विनाकारण धास्तीनें छाती धडधडूं लागते. हें सर्व कां होतें तें आतां ठाऊक झालें आहे. आपल्या मेंदूंत कांहीं ठराविक जागा आहेत, कुलुपासारख्या. त्यांची किल्ली शरीर स्वतःच तयार करतें. १९९२ सालीं जेरुसलेम येथें हें द्रव्य सांपडलें, आणि शोधकांनीं त्याचें नांव ठेवतांना संस्कृतांतील 'आनंद' हा शब्द घेऊन त्यास 'आनंदामाइड' म्हटलें. दूर देशच्या पंडितांस ह्यासाठीं आपल्याच भाषेंतला शब्द घ्यावासा वाटला, हें वाचून मला नवल वाटलें. हें द्रव्य जेथें हवें तेथें, हवें तेव्हां, अगदीं थोडें निर्माण होतें, आणि काम होतांच शरीर तें मोडून टाकतें. टी. एच. सी. ही त्याच कुलुपाला लागणारी बाहेरची किल्ली. पण ती सर्व दारें एकदम उघडते आणि कित्येक तास उघडीं ठेवते.

येथें मला एक विचार सुचतो, तो वाचकांनीं तपासून पाहावा. आनंद हा एक साक्षीदार आहे. पाऊस वेळेवर पडला, आजारी पोर उठून बसलें, तुटलेला भाऊ दारीं आला, म्हणजे मन आनंदतें. आणि त्या आनंदानें आपणांस कळतें कीं कांहीं चांगलें घडलें आहे. दुःखहि तसेंच साक्ष देतें. सासुरवाशिणीचें डोळे पुसणें, मजुराचें रात्रभर तळमळणें, ह्यांतून घरांत वा गांवांत काय बिघडलें आहे तें समजतें. आतां ज्या साक्षीदारास कोणीहि कांहींहि देऊन पाहिजे ती साक्ष वदवून घेऊं शकतो, त्याच्या शब्दास न्यायालयांत किंमत किती? कपाटांतील फूल प्रत्येक शनिवारीं एकच साक्ष देतें, कीं सर्व ठीक आहे. मग आठवडा कसाहि गेला असो. मुलगा परदेशांत एकटा आहे. त्याचें मन जड होतें तें कांहींतरी सांगण्यासाठीं होत असेल: घरची ओढ, कामावरील जाच, मित्रांचा अभाव. तें ऐकून घेण्याआधींच त्याला गप्प करण्यांत येतें. वडिलांस मीं इतकेंच सुचविलें कीं, त्यास नको म्हणण्यापूर्वीं शनिवारीं संध्याकाळीं त्याला फोन करावा, आणि गांजाचें नांव न काढतां आठवडा कसा गेला तें विचारावें.

ह्या विचारावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला: मग चहाचें काय? तोहि कारणावांचून तरतरी आणतो. खरें आहे, येथें भेद जातीचा नसून मापाचा आहे, आणि चहा पिऊन बायकोचें दुःख दिसेनासें झालें असें मीं अद्याप ऐकलें नाहीं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: औषधाचें काय? ज्याची वेदना आपली साक्ष देऊन चुकली आहे, ज्याच्यावर उपायच नाहीं, त्यास ती ऐकत बसण्यास लावणें क्रूरपणाचें होईल. लहान मुलांस होणाऱ्या कांहीं हट्टी फेंफऱ्यांवर ह्याच झाडांतील सी. बी. डी. ह्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचें औषध अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालें. त्या मुलांच्या आईबापांपुढें उभे राहून ह्या झाडास शाप देण्याची माझी तयारी नाहीं. परंतु लक्षांत घ्या, नशेच्या मागें लागलेल्या संकरकारांनीं टी. एच. सी. वाढवितांना हें दुसरें द्रव्य आपल्या वाणांतून जवळजवळ नाहींसें केलें.

आणि येथेंच आपण मूळ प्रश्नाशीं येतों. ज्वारीचा संकरकार शेंकडों रोपांतून एक निवडतो तो कणसाकडे पाहून. कोणाचें पोट भरेल ह्या हेतूनें. नशेच्या गांजाचा संकरकार शेंकडों रोपांतून एक निवडतो तो तें स्वतः ओढून. ज्यानें त्याच्या शुद्धीस सर्वांत अधिक धक्का दिला तें ठेवतो, उरलेलीं फेंकून देतो. पुढच्या पिढींत पुन्हा तेंच. असें वीस वेळां केलें म्हणजे त्या झाडांत माती, पाणी व ऊन ह्यांबरोबर एका मनुष्याचा हेतुहि मुरलेला असतो. डोंगरावर आपोआप उगवलेल्या झाडाविषयीं कोणी म्हणालें कीं तें निर्दोष आहे, तर मीं मान्य करीन. परंतु हा वाण केवळ झाड नव्हे. ती कृति आहे, जशी दारूची भट्टी ही केवळ मोहाचें फूल नव्हे. म्हणून उत्पत्तीचें वचन तिला झांकूं शकत नाहीं. आणि "मीं फक्त लावतों, घेणाऱ्यानें आपलें पाहावें" असें लावणारा म्हणतो, तें तर मुळींच टिकत नाहीं. कारण घेणाऱ्यानें काय व्हावें ह्याचाच विचार करून त्यानें बीं निवडलेलें असतें. माप घेणाऱ्याच्या हातीं आहे म्हणावें, तर फुलाकडे पाहून त्यांत शेंकडा चार आहे कीं वीस तें त्या बिचाऱ्यास कळणार कसें?

हा प्रश्न दूरचा वाटेल, पण तुरीच्या आणि उसाच्या शेतांत मधोमध गांजाचीं झाडें सांपडल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यांतून येतात. कर्जानें पिचलेल्या शेतकऱ्याकडे कोणीतरी बियांची पुडी घेऊन येतो आणि सांगतो कीं तुझें कांहीं जात नाहीं. उपदेशकांनीं अशा वेळीं नीतीबरोबर कायदाहि स्पष्ट सांगावा. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यावांचून गांजाचें झाड लावणें हा गुन्हा आहे; शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. २०२० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें गांजास अत्यंत घातक मादकांच्या यादींतून काढलें आणि आपल्या देशानेंहि त्या बाजूनें मत दिलें, हें खरें. परंतु त्यामुळें येथला कायदा बदललेला नाहीं. पुडी देणारा पकडला जात नाहीं. सात-बारावर ज्याचें नांव असतें तो जातो.

असें एका गांवीं बोललों असतां सीमेकडच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें उठून विचारलें, "मग आमच्या तंबाखूचें काय?" निपाणीच्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूवर घरें चालली, मुलें शिकलीं, कित्येक मंडळ्यांच्या दानपेटींतहि तोच पैसा पडला. तंबाखूनें जगांत दरवर्षीं सत्तर लाखांहून अधिक माणसें मरतात. गांजाच्या नांवावर ह्याच्या जवळपासहि आंकडा नाहीं. तंबाखूचेहि वाण निवडूनच काढलेले आहेत. म्हणजे वर जें मीं संकरकाराविषयीं व लावणाराविषयीं लिहिलें तें सर्व येथेंहि लागूं पडतें, आणि कायद्याची आडहि येथें नाहीं. मीं त्या वृद्धास सांगितलें कीं, आपलें म्हणणें बरोबर आहे. त्यावर तो म्हणाला, बरोबर आहे हें मलाहि ठाऊक आहे, पण त्या काळ्या रानांत दुसरें काय लावूं तें सांगा. सभा संपल्यावर आम्हीं दोघे व गांवचे उपदेशक बराच वेळ सोयाबीन, भुईमूग आणि पाण्याचा हिशेब करीत बसलों.